आधी शेजारच्या बांधावर बसा

मंडळी, आज आटपाडीकडं स्वस्तात मिळणारं एक माळरान बघून आलो. सातबारा स्वच्छ होता. एजंटानं गाडी थेट रानात नेऊन उभी केली.

उतरलो आणि दादा, म्हणजे माझे वडील, आठवले. रान बघायला गेले की ते भाकरीचं फडकं नेमकं शेजाऱ्याच्या बांधावर सोडायचे. "घ्यायचं रान सोडून इथं का?" मी विचारायचो. ते नुसते हसायचे.

मीही डबा घेऊन शेजारच्या बांधावर गेलो. त्या शेजारच्या रानाच्या मालकीणबाई तिथं शेळ्या राखत होत्या. "बसा की, खर्डा घ्या," म्हणाल्या.

जेवता जेवता विचारलं, "मावशी, त्या विकायच्या रानाला वाट कुठनं हाय?"

"आवं, आमच्याच रानातनं की! आता मोकळं हाय म्हणून गाडी आली. पेरल्यावर कशी येऊ द्यायची? नकाशात वाट न्हाईच."

एजंट मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

जमीन सोडली, पण भाकरी लय गोड लागली.

तुमच्याकडची जुनी माणसं रान घेण्याआधी काय बघायची? असतील तर आजच विचारा. माझ्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं, पण "कळलं बघा" म्हणून सांगायला दादा नाहीत.