हद्द नाल्यावरून गेली

सातपूरच्या कारखान्यांच्या मागे आमची वस्ती होती. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून मजुरीला आलेली आणि मग इथेच राहिलेली माणसं. मधून एक नाला जायचा. नाला आपला म्हणायचा. पावसाळा सोडला तर त्यात कारखान्यांचं सांडपाणी आणि शहराने टाकलेला कचरा. अलीकडे आत्याचं घर, पलीकडे आमचं. मध्ये आडवा टाकलेला एक जुना सिमेंटचा खांब होता, त्यावरून आमची दिवसभर ये-जा चालायची. वस्ती दोन भागांत आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, बांधकामावर विटा वाहून तिने दिवस काढले. वस्तीत पाणी नव्हतं. रिकामे हंडे आणि बायका घेऊन तीच महापालिकेवर जायची आणि दर वेळी ‘बघतो’ ऐकून परत यायची. बघण्याचं काम मात्र त्या लोकांनी वर्षानुवर्षं अगदी मन लावून केलं.

नव्वदचं दशक निम्म्यावर आलं आणि निवडणुकीसाठी वॉर्ड नव्याने पाडायचं ठरलं. ज्या वॉर्डात आदिवासींचं प्रमाण जास्त, तो त्यांच्यासाठी राखीव. मी तेव्हा गंगापूर रोडच्या कॉलेजात होते, मीच हे आत्याला समजावून सांगितलं. अख्खी वस्ती एका वॉर्डात राहिली तर जागा आमचीच होती. आत्या हसली. म्हणाली, “लय वर्षं त्यांच्या दाराबाहेर उभी राह्यले. आता आत जाऊन बसते.”

मग विभागीय कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा लागला. लाल रेघ नेमकी नाल्यावरून गेली होती. अलीकडची घरं एका मोठ्या कॉलनीच्या वॉर्डाला जोडलेली, पलीकडची बंगल्यांच्या वॉर्डाला. दोन्हीकडे आम्ही चिमूटभर. राखीव जागा शहराच्या भलत्याच टोकाला निघून गेली. आमच्या त्या वेळच्या नगरसेवकाची खुर्ची मात्र शाबूत राहिली. वॉर्ड राखीव झाला असता तर पहिला तोच घरी बसला असता, हे सांगायला कॉलेजात जावं लागत नाही.

मी हरकतीचा अर्ज लिहिला. आत्या घरोघर फिरली. बाबांनी सही केली, शेजाऱ्यांना ओढून आणलं. सुनावणीला सगळे एका टेम्पोत बसून गेलो.

साहेबांनी अर्ज चाळला आणि म्हणाले, “नाला ही नैसर्गिक हद्द आहे. नियमात बसतं.”

“साहेब, आमची कोंबडीबी रोज तो वलांडून पलीकडं चरून येती,” आत्या म्हणाली. “तिला नाय कळली ती हद्द.”

लोक हसले. साहेबही हसले. मग त्यांनी विचारलं, “नाल्यापलीकडच्या लोकांचं काय म्हणणं?”

बाबा उठले. आत्याने त्यांच्याकडे किती विश्वासाने पाहिलं! बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “आमची काय हरकत नाय, साहेब.” मागून पलीकडच्या इतरांनीही माना हलवल्या.

आदल्या संध्याकाळी नगरसेवकाने बाबांना आणि पलीकडच्या इतरांना बोलावून घेतलं होतं. रेघ आहे तशी राहू द्या, तुमच्या बाजूला नळ देतो. सुनावणीहून परतल्यावर आईने जाब विचारला तसे बाबा खेकसले, “पाणी तर येणार ना घरात?”

नळ आला. दिवाळीच्या आधीच आला, फक्त आमच्या बाजूला. इतकी वर्षं जे बघून होत नव्हतं ते झटक्यात झालं. मीही ते पाणी प्यायले. बाबांचा मला संताप आला, आजही येतो. पण तहानलेल्या माणसाच्या तोंडून ‘हरकत नाही’ काढून घेणाऱ्याचा जास्त येतो. तो पुढे आमचीही मतं घेऊन निवडून आला.

भाऊबीजेला आत्या येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. ती आली. बाबांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, शांतपणे ओवाळलं. बाबांनी खिशातून नोट काढली तशी तिने ताटावर आडवा हात धरला.

“पैसं नको. मत दे तुझं.”

बाबा चाचरले. “ताई, माझं मत आता तुझ्या वॉर्डात नाय...”

“ठाऊक हाय. ते आता माझ्याकडं येत नाय. पण आज बहिणीनं मागायचं असतं, म्हणून मागते.”

बाबांची मान वर झाली नाही. आत्या ताट उचलून निघून गेली. पुढेही ती दर वर्षी ओवाळायला आली. ओवाळणी मात्र तिने बाबांकडून पुन्हा कधी घेतली नाही.