हलका अंगठा

सकाळी आरशात पाहिलं की उशीच्या अभ्र्यावर बायकोनं भरलेली वेल माझ्या हनुवटीखाली उमटलेली दिसते. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन झाल्यापासून तिथे पाणी साचतं. रात्रभर आडवं राहिलं की सूज वाढते. मग मी खुर्चीत ताठ बसतो आणि ती बोटांनी हळूहळू मानेवरून काखेकडे उतरवतो.

पहिल्या दिवशी मी चांगला जोर लावला होता. कातडी नुसती सरकली पाहिजे, दाबायची नाही, असं फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं. पण माझा अंगठा वीस वर्षं तळहातावर तंबाखू मळत आलेला. बायको बघत होती. म्हणाली, "अहो, चुना राहिला की लावायचा!"

मी हसलो, आणि हसता हसता मान खाली गेली. तिनं कितीदा माझी डबी लपवली होती, आणि दर वेळी मी तिच्यावरच ओरडलो होतो. त्या सकाळी पहिल्यांदा तिला म्हणालो, "चुकलं माझं."

"माहीत आहे. आता हात हलका ठेवा."

अंगठा आता शिकलाय. अपराधीपणाही या सुजेसारखाच असावा. दाबला की तिथेच बसतो, त्याला रोज थोडी वाट करून द्यावी लागते. सूज पुरती जाणार नाही, हे ठाऊक आहे. पण दहा वाजेपर्यंत वेल पुसट होते, शर्टाचं वरचं बटण लागतं. बायको स्वयंपाकघरातूनच बघते आणि म्हणते, "लागलं बाई आजही!"