टोपी-टॉवेल घेऊन गॅलापागोसला

माझ्या हातात माईक देऊ नये हे आमच्या मानोरा गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत तो माझ्याच हातात असतो. भांड्यांचं दुकान हा माझा धंदा, माईक हा शौक. नवरदेव कुठवर आला, पंगत कधी बसणार, कोणाची चप्पल कोण घालून गेलं, हे मी अशा थाटात सांगतो की लोक हातातल्या अक्षता टाकायच्या विसरतात. अशाच एका लग्नात नवरीकडच्यांना तयार व्हायला उशीर होत होता. वेळ काढता काढता माझ्या तोंडून निघून गेलं, "मंडळी, आमी नवरा-बायको गॅलापागोसले चाललो! सात समुद्रापार! तिथं बैलाएवढं कासव राह्यते, अन् मानूस जवळ आला तरी पाखरू उडत नाई!"

मांडवात टाळ्या पडल्या. मी झुकून तीनही बाजूंना नमस्कार केला. चौथ्या बाजूला बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यात माझी बायको टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर तिने पदर खोचला. "तुमाले कोनं सांगतलं होतं माईकवर बोलाले? तिकीट नाई, व्हिसा नाई, काई नाई!"

"खुशीची गोष्ट हाय, सांगतली."

"आता लोक येतीन. घरी बलावतीन. तवा काय करू मी?"

तिचा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. कळायला एक आठवडा लागला.

आधी बेटांचं सांगतो. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. आसपासच्या तांड्यांवरच्या शाळांत तिची सगळी नोकरी गेली. जगाचा नकाशा ती खुंटीला टांगत नसे, जमिनीवर अंथरत असे, आणि पोरं त्याच्याभोवती गोल बसत. दक्षिण अमेरिकेच्या डाव्या बाजूला, मोकळ्या पाण्यात पडलेल्या त्या ठिपक्यांवर तिचं बोट नेमकं जायचं. तिथली कासवं, मीठ शिंकणारे काळे सरडे, निळ्या पायांचे पक्षी, सगळं ती अशी सांगायची की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठत नसत. एकदा एका मुलीने विचारलं, "म्याडम, तुमी पायलं काय हे?" बायको म्हणाली, "पाहीन." घरी येऊन मला म्हणाली, "आज मी पोरीले जबान देल्ली."

पुढे तिचे डोळे बिघडले. काचबिंदू. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बराच उशीर झाला होता, कारण हा आजार दुखत नाही. तो कडेकडेने खातो. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं जातं. भिंतीवरची पाल तिला दिसायची, पण शेजारी येऊन उभा राहिलेला नवरा दिसायचा नाही. (पहिल्या महिन्यात मी याचा फायदा घेऊन फ्रीजमधली बर्फी खाल्ली, हे तिला माहीत आहे. वास येतो म्हणाली.) तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली, गावाला कारण सांगितलं, गुडघे. मला बजावलं, "मानोऱ्यात एकदा आंधळी म्याडम नाव पडलं की मेल्यावरही तेच राह्यते. गुडघेच सांगायचं." म्हणून आमच्या घरी गुडघ्यांची तेलं जमा झाली. निरगुडीचं, मोहाचं, आणि एक तर असं की बाटली उघडली की मांजर घर सोडून जायची.

नजर आहे तोवर बेटं पाहायची, हा बेत आमच्या दोघांतला होता. नागपूरच्या एका प्रवास कंपनीशी मी गुपचूप बोलत होतो. आणि मग मला माईक मिळाला.

आमच्याकडे कोणी काशी-रामेश्वराला निघालं की नात्यागोत्याची माणसं त्याला जेवायला बोलावतात. पाटावर बसवून ओवाळतात, बाप्याला टोपी-टॉवेल, बाईला खण-नारळ देतात. परत आल्यावर त्याने मावंदं घालायचं, म्हणजे सगळ्यांना जेवण. बेटावर जाणाऱ्यासाठी असा रिवाज नाही. पण कासव म्हटल्यावर लोकांनी तो आपणहून लावला. कासव तर प्रत्येक देवळात गाभाऱ्यासमोर असतंच, हे म्हणजे खरंखुरं, जिवंत, बैलाएवढं! एका म्हातारबाबांनी माझे पाय धरले आणि म्हणाले, "आमचा बी नमस्कार सांगजा तेले." मी आशीर्वाद दिला. मला राहवलं नाही.

रोज कोणाकडे तरी जेवण. मी प्रत्येक घरी नवी टोपी घालून बेटांचं वर्णन करत होतो, आणि प्रत्येक घरी माझी बायको मरत होती. अनोळखी उंबरठे, मंद दिवे, बाजूने येणारी वाढपी बाई, डावीकडे ठेवलेला तांब्या. तिने एक युक्ती काढली होती. घरात शिरताना माझी बाही धरायची. लोक कौतुक करायचे, "या वयातही पाहा!" मी मिशीत हसायचो. ती बाहीला असा चिमटा काढायची की हसू तिथेच विरायचं.

दुकानाच्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे भाईजान आहेत. त्यांनी एक जुनी दुर्बीण आणून दिली. "भाभी, ये रख्खो. दूर के परिंदे नजदीक दिखेंगे." तिने डोळ्याला लावली, दूरवर पाहिलं, आणि ते गेल्यावर म्हणाली, "मले तर देवानं फुकटच दुर्बीण लावून देल्ली. काढता मात्र येत नाई."

मग धनजचं बोलावणं आलं. तिथे तिची मावशी राहते, जिने बायकोला लहानाचं मोठं केलं. तिथे नाही म्हणायची सोय नव्हती. अंगणात पाट मांडले होते, भोवती रांगोळी. मावशी डाव्या बाजूने औक्षणाचं ताट घेऊन आली. बायको त्याच क्षणी पदर सावरायला हात वर करत होती. ताट उडालं. निरांजन, कुंकू, सुपारी, सगळं रांगोळीवर. तेल माझ्या नव्या टोपीवर. मी लगेच उभा राहून ओरडलो, "अपशकुन नाई! कासवाले तेल लागते, हा मान हाय!" पोरं हसली, बाया हसल्या. मावशी हसली नाही.

तिने रिकामं ताट उचललं आणि बायकोच्या चेहऱ्याच्या एका बाजूला धरलं. मग हळूहळू पुढे आणलं. बायको समोर पाहत होती. ताट नाकासमोर आलं तेव्हा ती दचकली.

"गुडघे दुखतेत ना वं तुये?" मावशी म्हणाली.

बायकोचा हात माझ्या बाहीवर होता, आणि तो चिमटा काढत नव्हता, नुसता धरून होता.

"सांगतलं काहून नाई पोरी? मी काय परकी हाय?"

"सांगतलं असतं तर तू मले जाऊ देल्लं असतं काय मावशी?"

"डाक्टर काय म्हन्ते?"

बायको पदरावर सांडलेलं कुंकू झटकू लागली. तेव्हा मावशी माझ्याकडे वळली. "तुमी सांगा जवाईबुवा. रोज एवढं बोल्ता, आता बोला."

आणि मला, ज्याला गप्प बसवायला वीज जावी लागते, त्याला शब्द सापडेनात. कारण डॉक्टर काय म्हणतात ते आम्ही दोघांनी एकमेकांपाशीही मोठ्याने म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची तर ऑपरेशन लवकर करा, आणि त्यानंतर काही महिने लांबचा प्रवास नको. आणि ऑपरेशनने ती वाचेलच, असं लिहून देणार नाही. म्हणजे आधी बेटं पाहावीत तर नजर जायची भीती. आधी ऑपरेशन करावं तर बेटं पाहायला किती नजर उरेल, कोणाला माहीत. हे मी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. माईक नव्हता, तरी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

परतताना गाडीत बायको खिडकीबाहेर पाहत होती. कारंजा गाव मागे पडलं. मग म्हणाली, "आपरेशन करून घेते. शाळेतल्या त्या पोरीले पाहीन म्हनलं होतं, कवा ते नाई सांगतलं."

"अन् नाई दिसलं तर?"

"तर तुमी सांगसान. अजून काय कामाचे हा तुमी?"

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. कपाटात टोप्यांची आणि टॉवेलांची थप्पी तशीच आहे. आहेर परत करता येत नाही, आणि यात्रेवर गेल्याशिवाय मावंदं घालता येत नाही. गावात आता सगळ्यांना कळलं आहे. गुडघ्याची तेलं बंद झाली, डोळ्याची सुरू झाली. आंधळी म्याडम असं अजून तरी कोणी माझ्या कानावर येईल असं म्हटलेलं नाही. ती मात्र रस्त्याने जाताना थबकून ऐकते.

संध्याकाळी आम्ही सराव करतो. बेटांवर बोटीत तिला कोणत्या बाजूला बसवायचं, वाटाड्याने कुठे उभं राहायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. ती अंगणात खुर्ची टाकून समोर पाहत बसते. मी टोपी घालून, टॉवेल पाठीवर टाकून, कासवासारखा चार पायांवर बाजूच्या कुंपणाकडून निघतो. माझं वजन आणि माझी चाल पाहता यात फार अभिनय करावा लागत नाही. काल भाईजान फाटकातून आत आले, माझ्याकडे पाहिलं, आणि फाटक नीट लावून परत गेले.

"दिसलं काय?" मी विचारतो.

"नाई."

थोडा पुढे सरकतो. मातीत गुडघे घासतात, माझे, खरेच.

"आता?"

"नाई. या अजून."

मी येत राहतो.