स्वयंपाकखोलीतल्या पाच पोरी

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर सुनिता पावरा राहते. नऊ वर्षं झाली, ती तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. थोरली रुपली सातवीत, धाकटा दुसरीत. त्यामुळे पालक म्हणून शाळेच्या समितीतही तिचं नाव होतं. गणवेशाशिवाय वर्गात बसू द्यायचं नाही, असा ठराव मुख्याध्यापक शालिग्राम सरांनी मांडला, तेव्हा पहिला हात तिनेच वर केला. लहानपणी फाटक्या झग्यावरून पोरांनी तिला इतकं चिडवलं होतं, की तिची शाळाच सुटली. सगळ्यांचे कपडे सारखे असले की कुणी कुणाला हसणार नाही, असं तिला मनापासून वाटायचं.

त्या वर्षी गणवेश सरकारकडून शिवूनच आले, इयत्तेप्रमाणे माप धरून. रुपली अंगाने थोराड. सदरा छातीवर इतका ताणला की बटणं तटतटली. उसवून सैल करावा, तर आत बोटभरही कापड सोडलेलं नव्हतं. आणखी चार पोरींचं तेच. सर म्हणाले, "वर कळवलंय." मोठे सदरे काही आले नाहीत. मग सरांनीच सवलत दिली, आणि पोरी घरच्या कपड्यांत मागच्या भिंतीशी बसू लागल्या.

जानेवारीत तपासणीला साहेब आले. सुनिता चुलीवरून पातेलं उतरवत होती, तेवढ्यात सरांनी त्या पाचही जणींना स्वयंपाकखोलीत आणून तांदळाच्या पोत्यांमागे बसवलं.

"साहेब जाईपर्यंत आवाज करायचा नाही."

"सर, मनी पोर शे ती," सुनिता आपल्या लेकीकडे बोट दाखवत म्हणाली.

"मग तर तुम्हीच समजून घ्या, सुनिताताई. ठरावावर तुमचाच अंगठा आहे."

साहेबांनी खिचडी चाखली. ओळीत बसलेल्या पोरांकडे बघत म्हणाले, "वा! सगळी कशी एकसारखी दिसतात." सुनिता हातात डाव घेऊन उभी होती. बोलली असती तर काम गेलं असतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून रुपली शाळेत गेली नाही. आठवड्याने ती मावशीबरोबर गुजरातेत कापूस वेचायला निघून गेली. बाप कुवरसिंग आणायला गेला, तर म्हणाली, "इथं मला कुणी लपवत नाही."

जूनच्या बैठकीत सुनिता उभी राहिली. "तो ठराव काढा." बाकी कुणाचा हात वर गेला नाही. शेवटी शाळेतल्या शिक्षिका शीतल मॅडमनी कागद वाचून दाखवला: ठराव सर्वानुमते कायम.

"मी नाही म्हटलं ना?"

"एकटीच्या म्हणण्याने काय होतं, ताई?" सर म्हणाले.

आता साहेब येणार असले की सुनिता स्वयंपाकखोलीला कुलूप लावते, किल्ली कमरेला खोसते आणि बाहेर तीन दगडांवर खिचडी शिजवते. सरांनी त्यावरही तोड काढली. ज्यांना गणवेश बसत नाही, त्या पोरांना त्या दिवशी घरीच थांबायला सांगतात.