खोटे अर्थ

“मोठ्यानं वाच,” वकीलसाहेब म्हणाले.

ओसरीवर चार पाहुणे. मी खाली, सूप घेऊन बसलेली. मांडीवर वही.

“सबटल.”

सगळे हसले. एकाच्या बशीतला चहा सांडला. साहेब म्हणाले, “सटल! त्यातलं ‘बी’ अक्षर मुकं असतं. मिरच्या विकायच्या सोडून माळणीची पोर निघाली इंग्रजी बोलायला!”

मीही हसले. ते हसणं मला अजून सलतं.

राज्य नवं आहे, नव्या कचेऱ्या निघताहेत. मी खामगावात प्राथमिक शाळेत शिकवते. कचेरीतल्या मोठ्या जागेच्या परीक्षेला इंग्रजीचा पेपर होता. शब्दांचे अर्थ, उलट अर्थाचे शब्द, सगळे अवघड. शाळेतली डिक्शनरी हेडमास्तरांच्या कुलपात. मागितली तर म्हणाले, “चौथीपर्यंत शिकवता बाई, एवढी इंग्रजी कशाला?”

म्हणून दर रविवारी वकीलसाहेबांकडे. त्यांच्या घरचे गहू निवडायचे, मग ते दहा शब्दांची स्पेलिंगं आणि अर्थ सांगायचे, मी वहीत उतरवायची. पुस्तकाला हात लावायची बंदी. “मातीचे हात आहेत तुझे.” हात धुतलेलेच असायचे. पण तसं बोलले तर शब्द बंद. घरी आई म्हणायची, “काऊन जातं त्याईच्या दारी?” मी सांगायची, “दुसरं दार कुठी हाये?”

वर्षभर जात राहिले. वही भरली.

अमरावतीला पेपर दिला. बाहेर आल्यावर शेजारच्या बाकावरच्या बाईंना विचारलं, “कँडिड म्हणजे मेणबत्तीसारखा, बरोबर ना?”

त्या गोंधळल्या. “नाही हो. मनात असेल ते सरळ बोलणारा.”

मी वही उघडली. आणखी सहा शब्द विचारले. पाच चुकीचे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या ओसरीवर चढले. पहिल्यांदा.

“मले खोटे अर्थ काऊन सांगतले?”

ते पान लावत होते. “थट्टा केली गं. पाहुण्यांची करमणूक. तू पास होणार होतीस का एरवी?”

डिक्शनरी टेबलावर होती. मी उचलली.

“ठेव ते!”

ठेवली नाही. उभ्यानंच पानं उलटली. शब्द सापडेना. ते ओरडत राहिले. ‘कँडिड’ सापडला. अर्थ मोठ्यानं वाचला, उच्चार चुकला असेल तर चुकला. मग पुस्तक मिटून ठेवलं. “आता मी गहू निवडाले येत नाई. आन् तुमचे शब्दही मले नको.”

मी नापास झाले. निकाल आला त्याच दिवशी हेडमास्तरांच्या टेबलापुढे उभी राहिले. “डिक्शनरी काढा. शाळेची हाये, मी शाळेत शिकवतो.”

“फाटली तर?”

“कुलपात राहून कोणाच्या कामाची हाये?”

त्यांनी किल्ली काढेपर्यंत मी हलले नाही.

रोज शाळा सुटली की हेडमास्तरांच्याच खोलीत डिक्शनरी घेऊन बसते. वहीतला एकेक शब्द माझ्या डोळ्यांनी तपासते, खोटा अर्थ खोडते. परीक्षेला पुन्हा बसणार. पुन्हा नापास झाले तर पुन्हा. पण अर्थ कुणाच्या तोंडून घेणार नाही.