वेगाचं बटण

टेलरमास्तरांचे गुडघे गेले आणि घरात बॅटरीवर चालणारी, खुर्चीसारखी छोटी गाडी आली. तिच्यावर स्वार होऊन मास्तर फूटपाथवर निघाले, की माणसं पटापट बाजूला होत. उभ्या गल्लीचे कपडे शिवले, त्याचाच हा मान, असं मास्तर समजत.

पण गाडीवर कोणाचा तरी हात पडत होता. रात्री मास्तर वेगाचं गोल बटण पूर्ण फिरवून ठेवत, आणि सकाळी बघावं तर गाडी गोगलगाय! मुलाला बापाचा रुबाब खुपतो, सुनेला दारातली गाडी खुपते. समोरचा इस्त्रीवाला तर उगाचच हसतो. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

शेवटी मास्तरांनी कापडावर आखायचा निळा खडू किसला आणि त्याची भुकटी बटणाला चोळून ठेवली. सकाळी बटण उलटं फिरवलेलंच होतं. त्यांनी मुलाचे हात उलटेपालटे करून पाहिले. स्वच्छ. सुनेचेही स्वच्छ. तेवढ्यात बायकोने चहाचा कप पुढे केला. तिचा अंगठा निळा होता.

"तू?" मास्तर कडाडले. "घरातच फितुरी!"

"हो, मीच," ती म्हणाली. "फूटपाथवर सुसाट सुटता तुम्ही. लोक जीव मुठीत धरून बाजूला उड्या मारतात. कधी मागे वळून पाहिलंत? मी पिशवी सांभाळत तुमच्या मागून येते, एकेकाची माफी मागत."