वरातीसाठी राखलेला आवाज

जगनभाऊ माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेच कुजबुजत. अमळनेरला बदली होऊन मी त्यांच्या शेजारी खोली घेतली होती, आणि पहिल्याच आठवड्यात चौथीच्या वर्गापुढे ओरडून माझा घसा बसला. नळावर माझं घोगरं बोलणं ऐकून हा उंच, सडपातळ माणूस पुढे आला, ज्येष्ठमधाची काडी माझ्यापुढे धरली आणि चोरीचा माल विकावा तशा आवाजात म्हणाला, "चघळा बाई. आनि वर्गमा वरडू नका. आवाज काय फुकटना शे का?"

मला वाटलं, यांचाही घसा बसलाय. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत, त्या हसल्या. "त्यासना घसा चांगला शे, बाई. जपी ऱ्हायनात."

जपत होते ते लग्नांसाठी. जगनभाऊ बँडमध्ये गायचे. त्या काळी गाणारा नसलेला बँड खानदेशात कोणी बोलवत नसे. गाडीवर कर्णे बांधलेले, मागे जनरेटरचा धूर, दोन्ही बाजूंना पितळी वाद्यं, आणि या सगळ्याच्या वर चढून एका माणसाने गायचं, तेही मे महिन्याच्या उन्हात. एरंडोलकडच्या एका लग्नात मी त्यांना ऐकलं. गाणं सिनेमातलंच, पण त्यांनी वरचा सूर लावला तशी नाचणारी पोरं नाचायची थांबली. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

घरात मात्र त्या आवाजाला बंदी. चिंच नाही, ताक नाही, बर्फ नाही, इथवर ठीक. काळ्या मसाल्याच्या मिरच्या अक्का माझ्या अंगणात येऊन भाजायच्या. भाऊंना ठसका लागायला नको, शिंका मेल्या मी द्यायच्या! पण मोठ्याने बोललं की आवाज झिजतो आणि कुजबुजलं की शिल्लक राहतो, हे बँडमधल्या कुणा जुन्या गाणाऱ्याने भाऊंच्या डोक्यात भरवलं होतं. त्यामुळे घरात त्यांनी बोलणंच सोडलं. मुलगी शोभा, एकुलती एक, तिला बोलवायचं तर टाळी वाजवत. एकदा पोर सायकलवरून पडली, गुडघा फुटला. भाऊ धावले, तिला उचलून छातीशी धरलं, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून नुसती फुसफुस. मला संताप आला. "अहो, पोरीला नावाने हाक तरी मारा!"

"सीझन सरू द्या, बाई," ते कुजबुजले. "मंग घरमाच बोलसू."

सीझन सरला की गणपती यायचे, मग तुळशीचं लग्न, मग पुन्हा लग्नाच्या तिथी. घर वाट बघत राहायचं.

शोभाचं लग्न ठरलं तोवर नव्वद साल उलटून गेलं होतं. पोर पाचोऱ्याला दिली. पाठवणीच्या वेळी आपण गायचं, हे भाऊंनी मनाशी पक्कं केलं होतं. "दुसरासन्या पोरी गाईसन धाड्यात," ते मला म्हणाले, "आते मनी पोर शे." त्यासाठी त्यांनी ऐन तिथीतली लग्नं सोडली, कुजबुजणंसुद्धा कमी केलं. पाठवणीला माईक हातात घेतला आणि पहिल्याच ओळीला आवाज फाटला. पुन्हा लावला, तर सूर नाहीच, नुसता कोरडा वारा. बँडवाल्यांनी ओळखलं आणि क्लॅरनेट वर चढवलं. शोभा अक्कांच्या गळ्यात पडून रडत होती. तिच्या लक्षातही आलं नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांकडे मी आणि अक्का त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. बँडच्या गोंगाटावर वर्षानुवर्षं आवाज चढवून स्वरतंतूंवर गाठी धरल्या होत्या, जुन्या आणि टणक. काढता येतील, पण आवाज येईल याचा भरवसा नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हे कुजबुजायचं कुणी शिकवलं तुम्हाला? त्याने आराम मिळत नाही, उलट ताण पडतो."

भाऊंनी एकच विचारलं. "घरात साधं बोललो असतो, तर चाललं असतं?"

"साध्या बोलण्याने काय होतंय? खुशाल बोलायचं होतं," डॉक्टर सहज म्हणाले आणि हात धुवायला उठले.

अक्कांनी पदर तोंडात धरला. परतीच्या एसटीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

भाऊंनी गाठी काढून घेतल्या नाहीत. बोलायचा प्रयत्न केला, पण घशातून नीट काही उमटेना, आणि घरालाही ऐकायची सवय राहिली नव्हती. शोभा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की मायलेकी आत गप्पा मारत, भाऊ ओट्यावर बसून असत. एका थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ते गेले.

तिकडे बायका गेलेल्या माणसाचे बोल आठवून, सूर लावून रडतात. बाप असं म्हणायचा, बाप तसं म्हणायचा. शोभा पाचोऱ्याहून आली ती थेट बापाच्या उशाशी बसली. बायकांनी तिला कवेत घेतलं. तिने सूर लावला, "मना बाप माले म्हने..." आणि ती थांबली. बायका वाट पाहत होत्या. अक्का खाली मान घालून बसल्या होत्या. पोरीने ओठ हलवले, पुन्हा मिटले. पुढचं काही तिच्याकडे नव्हतंच.

शेवटी ती म्हणाली, "मना बाप माले कधी रागे बी भरना नई, वं माय."